शाळेने दिलेला नंबर, आईने ठेवलेलं नाव : कॅनडातल्या निवासी शाळांबद्दल वाचताना

सोनटक्का (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

गेले दोन हिवाळे मी सस्कॅटूनच्या लायब्ररीतून एकाच विषयावरची पुस्तकं आणतेय. कॅनडातल्या मूळ रहिवाशांच्या मुलांना ज्या निवासी शाळांत नेऊन ठेवलं, त्या शाळांतून तगून बाहेर आलेल्या माणसांनी लिहिलेली. बाहेर उणे तीस आणि हातात हे. नवरा विचारतो, झोप तरी लागते का गं तुला? काही रात्री नाही लागत. कुणाशी तरी मराठीतून बोलावंसं वाटतंय, म्हणून हा धागा.

सुरुवात नागरिकत्वाच्या शपथेपासून झाली. २०२२ साली आम्ही दोघांनी शपथ घेतली. फर्स्ट नेशन्स, इन्युइट आणि मेटी या मूळ रहिवाशांचे हक्क आणि करार राज्यघटनेला मान्य आहेत, असं त्या शपथेत आता म्हणावं लागतं. हे शब्द २०२१ साली घातले. मी उजवा हात वर करून ते म्हटले, फोटो काढले, घरी येऊन शिरा केला. रात्री भांडी घासताना मनात आलं, ज्यांच्या हक्कांचं नाव घेऊन शपथ घेतली त्यांच्याबद्दल आपल्याला चिमूटभर तरी माहिती आहे का?

ज्यांनी काहीच वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ब्रँटफर्डची मोहॉक इन्स्टिट्यूट १८३१ पासूनची, पण सरकारने अशा शाळांचं जाळं विणलं ते १८८० च्या दशकात. पैसा सरकारचा, कारभार चर्चचा. आईबापांच्या सावलीत मूल राहिलं तर ते लिहावाचायला शिकलेलं 'रानटी'च राहणार, म्हणून त्याला तिथून उचललं पाहिजे, हे पंतप्रधान मॅकडॉनल्ड यांनी १८८३ साली संसदेत उघड मांडलं होतं. १९२० साली सक्ती आली. दीड लाखाच्या आसपास मुलं या शाळांत गेली. पुढे माजी विद्यार्थ्यांशी झालेल्या सरकारी तडजोडीच्या यादीत १३९ शाळा आहेत. शेवटच्या शाळा बंद झाल्या १९९० च्या दशकात. इथल्या कित्येकांची दहावी-बारावी त्याच वर्षांतली असेल.

एवढं सगळं वाचून माझ्या मनात जे रुतून बसलंय ते मात्र मारहाणीचे प्रसंग नाहीत. नावं रुतलीत.

बेव्ह सेलर्स यांचं २०१३ चं आत्मकथन मी सगळ्यात आधी वाचलं. ब्रिटिश कोलंबियातल्या विल्यम्स लेकजवळच्या सेंट जोसेफ्स मिशन शाळेत त्यांची आजी गेली, आई गेली आणि त्याही गेल्या. तीन पिढ्या, एकच शाळा. उन्हाळ्याचे दोन महिने आणि नाताळची सुट्टी सोडली तर घर नाही. शाळेत प्रत्येक मुलाला नंबर असायचा. सेलर्स यांचा नंबर एक होता आणि पुस्तकाचं नावही त्यावरूनच आहे. आपल्याकडे पहिला नंबर म्हणजे पेढे वाटायची गोष्ट. मी मुखपृष्ठ बघितलं तेव्हा क्षणभर मनात तेच आलं, हुशार मुलीची गोष्ट असावी. चौथ्या-पाचव्या पानाला पोटात खड्डा पडला. पुढे त्या आपल्या समाजाच्या प्रमुख झाल्या, इतिहासाची आणि कायद्याची पदवी घेतली. पण ते सगळं त्या नंबरातून बाहेर पडल्यावरचं आहे.

दुसरी गोष्ट चेनी वेंजॅकची. अनिशिनाबे मुलगा, वय १२. ऑक्टोबर १९६६ मध्ये तो केनोराच्या शाळेतून पळाला. घर सहाशे किलोमीटरवर. त्याला अंतर ठाऊक नव्हतं, एवढंच ठाऊक होतं की रेल्वेचे रूळ घराच्या दिशेने जातात. अंगात पातळ सुती विंडचीटर. खिशात काचेची बारकी बरणी आणि तिच्यात मोजक्या काड्या, ओल्या होऊ नयेत म्हणून झाकण लावलेल्या. २३ ऑक्टोबरला तो रुळांच्या कडेला मेलेला सापडला. शाळेच्या कागदांत त्याचं नाव चार्ली. पुढच्या वर्षी मॅक्लीन्स मासिकात त्याच्यावर लेख आला, त्याच्या मथळ्यातही चार्लीच. आईने चेनी म्हणून वाढवलेलं पोर मेल्यावरसुद्धा शाळेच्याच नावाने छापून आलं.

२००८ साली कॅनडाच्या पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली. त्याच सुमारास तडजोडीचा भाग म्हणून एक आयोग नेमला गेला, ट्रूथ अँड रिकन्सिलिएशन कमिशन. न्यायमूर्ती मरी सिंक्लेअर अध्यक्ष. देशभर फिरून त्यांनी सहा हजारांहून जास्त लोकांच्या जबान्या घेतल्या. २०१५ चा त्यांचा अहवाल मी रोज थोडा थोडा वाचला, एकदम वाचवत नाही. त्यात मृत्यूंच्या नोंदींवरचा भाग आहे. नोंद झालेल्या मृत्यूंपैकी ३२ टक्के मुलांचं नावच लिहिलेलं नाही. २३ टक्क्यांत मुलगा होता की मुलगी तेही नाही. ४९ टक्क्यांत कारण नाही. मूल दगावलं, वहीत एक आकडा वाढला, संपलं.

२०१९ च्या ३० सप्टेंबरला जी २,८०० नावं हाती लागली होती, ती एका लालभडक कापडावर लिहून उलगडली. कापड पन्नास मीटर लांब. नंतर ही संख्या ४,१०० च्या वर गेली. मी त्याचं चित्रण बघितलं. म्हातारी माणसं कापडाच्या कडेकडेने चालत होती आणि एकेका नावाशी थांबत होती.

तुमच्यापैकी कुणी यातलं काही वाचलंय का? आणि कॅनडात राहणाऱ्यांनो, तुमच्या आसपास काय दिसतं?

पेणकर

वाचनखूण साठवली. चेनीच्या काड्यांच्या बरणीपाशी थांबलो, पुढचं संध्याकाळी वाचलं.

एक भाबडा प्रश्न. आईबापांनी पाठवलंच का? एक पिढी सोसून आली, तर दुसरीला दाराआड लपवून का नाही ठेवलं?

सोनटक्का

पेणकर, भाबडा नाही, मलाही पहिला हाच प्रश्न पडला होता. लपवलं की. जंगलात, होडीत, माळ्यावर. पण १९२० च्या दुरुस्तीनंतर मूल न पाठवणाऱ्या आईबापांना दंड आणि तुरुंग होता आणि मुलं गोळा करायला लाल डगल्यातले घोडेस्वार पोलीस यायचे. आपल्या गावात पोलीस आला तर माणसं दाराआड होतात, इथे तो मुलाचं मनगट धरायलाच यायचा.

दुसरं म्हणजे, बऱ्याच ठिकाणी दुसरी शाळाच नव्हती आणि मुलांनी शिकावं असं आईबापांना मनापासून वाटत होतं. करार करताना त्यांनी शाळा मागितल्याही होत्या. मागितली गावात शाळा, मिळाली ही.

तिसरं कारण मला सेलर्स यांचं वाचताना उमगलं. सोसून आलेली पिढी बोललीच नाही. आजीने आईला सांगितलं नाही, आईने मुलीला. लाज वाटायची. ज्यांनी केलं त्यांना नाही, ज्यांच्यावर झालं त्यांना. फिल फॉन्टेन हे मॅनिटोबातले मोठे नेते. १९९० साली त्यांनी दूरदर्शनवर स्वतःवर झालेल्या अत्याचाराबद्दल सांगितलं, तेव्हा कुठे ही गोष्ट अख्ख्या देशात चारचौघांत बोलायची झाली.

अनुस्वार

उत्तम धागा. माझी सवय आहे, शब्दावर अडतो. रागावू नका.

रिकन्सिलिएशनला आपली वर्तमानपत्रं 'समेट' लिहितात. समेट भाऊबंदकीत होतो, बांधावरून भांडलेल्या दोन शेतकऱ्यांत होतो. दोघं चार पावलं मागे सरतात आणि पंचांसमोर चहा पितात. इथे एका बाजूकडे सोडण्यासारखं उरलंय काय? 'दिलजमाई' तर मुळीच नको, त्यात मनं आधी कधीतरी जुळलेली होती असं गृहीत आहे. 'सलोखा' म्हटलं की शांतता समिती आणि गणपतीतला बंदोबस्त आठवतो.

आणि 'सर्व्हायव्हर'? 'पीडित' आणि 'बळी' या शब्दांत माणूस तिथेच पडून राहतो. 'वाचलेले' म्हटलं की अपघातातून वाचल्यासारखं वाटतं. सोनटक्काताई, तुम्ही पहिल्या ओळीत 'तगून' लिहिलंत. दुष्काळात झाड तगतं, आजारी माणूस रात्र तगतो. त्यात झाडाची स्वतःची चिवट धडपडही आहे. मी तरी यापुढे 'तगलेले' लिहीन.

सोनटक्का

अनुस्वार, रागावणार कशाला. तो शब्द नकळत आला होता. इथल्या लोकांनी 'सर्व्हायव्हर' हा शब्द आवर्जून निवडलाय, म्हणून मराठीतही तो जपून निवडायला हवा. समेटाला पर्याय मला अजून सापडलेला नाही.

पेणकर

आमचे आजोबा हाडवैद्य होते, म्हणून एक सुचवतो, 'सांधणं'. मोडलेला हात घेऊन माणसं ओटीवर यायची. आजोबा आधी बोटांनी चाचपून हाड जागेवर आणायचे, तेव्हा माणूस असा ओरडायचा की आम्ही पोरं माजघरात पळायचो. मग बांबूच्या कामट्या, लेप, पट्टी. कुणी वेळेत आलं नाही आणि हाड वाकडंच सांधलेलं असलं, तर आजोबा स्पष्ट सांगायचे, पुन्हा मोडून बसवावं लागेल, तयारी असेल तर थांब. लेप आधी आणि हाड नंतर, असं त्यांनी कधी केलं नाही.

या आयोगाच्या नावातही सत्य आधी आणि दुसरा शब्द नंतर आहे, ते बघून आजोबा आठवले.

मंजिरी_एडमंटन

पेणकर, वा. हे मी इथल्या मैत्रिणींना सांगणार.

मी मार्च २०१४ मध्ये एडमंटनला आयोगाच्या सभेत होते. चार दिवस चालली. मंडळातून आम्ही सातआठ जणी स्वयंसेवक म्हणून गेलो होतो. माझं काम अगदी साधं: रांगांमधून कागदी रुमालांचे डबे फिरवायचे आणि ओले रुमाल वेगळ्या पिशवीत गोळा करायचे. मी पहिल्या दिवशी ती पिशवी सवयीने कचऱ्याच्या डब्याकडे घेऊन निघाले. एका आजींनी माझं कोपर धरलं. हे टाकायचं नसतं, म्हणाल्या. अश्रू पुसलेले ते रुमाल नंतर पवित्र अग्नीत अर्पण करतात. त्यानंतरचे तीन दिवस ती पिशवी मी दोन्ही हातांनी धरली.

मंचावर देवदाराच्या लाकडाची एक पेटी होती. पश्चिम किनाऱ्यावरचे लोक एका अखंड फळीला वाफ देऊन ती तीन ठिकाणी वाकवतात आणि चौथा कोपरा सांधतात. बाकीच्या तीन कोपऱ्यांवर कापून जोडलेलं काही नसतं. ल्यूक मार्स्टन या कोस्ट सॅलिश कलाकाराने ती कोरली. त्याची आजी कूपर आयलंडच्या निवासी शाळेत होती. लोक पेटीत वस्तू ठेवून जायचे: बाळाचे मोकॅसिन (कातडी जोडे), फोटो, पत्रं. ती पेटी आता विनिपेगला मॅनिटोबा विद्यापीठातल्या राष्ट्रीय केंद्रात आहे.

जबान्यांबद्दल मी लिहिणार नाही. ज्यांनी सांगितलं त्यांनी त्या खोलीत सांगितलं.

कातळ

मी थोडा वेगळा सूर लावतो, गैरसमज नसावा. २०२१ मध्ये कॅमलूप्सच्या निवासी शाळेपाशी २१५ मुलांच्या कबरी सापडल्या अशी बातमी जगभर गेली. चर्च जाळली गेली. पण आजवर तिथे खोदकाम झालेलं नाही, एकही अवशेष वर काढलेला नाही. मग एवढी खात्रीची भाषा का? आणि काही जुने विद्यार्थी त्या शाळांबद्दल चांगलंही बोलतात, तेही धाग्यात यायला हवं.

सोनटक्का

कातळ, प्रश्न रास्त आहे, म्हणून नीट उत्तर देते.

कॅमलूप्सला जमिनीत लहरी सोडणाऱ्या रडारने पाहणी झाली. त्यात दिसतो तो मातीतला फरक, हाडं दिसत नाहीत. पाहणी करणाऱ्या संशोधिकेनेच नंतर आकडा दोनशेच्या आसपास आणला आणि 'संभाव्य' हा शब्द वापरला. तिथल्या प्रमुखांनी तर ही सामूहिक कबर नाही, खुणा नसलेल्या कबरी आहेत, असं तेव्हाच सांगितलं होतं. 'सामूहिक कबर' हे मथळे इतरांनी दिले, ते चूकच होतं. खोदायचं की नाही हा निर्णय त्या समाजाचा आहे. आपल्या घरचं मूल तिथे असेल तर आपणही चार वेळा विचार करू.

पण मुलं मेली हे रडारवर अवलंबून नाही. ते सरकारच्याच कागदांत आहे, आणि शंभर वर्षांपासून आहे. डॉ. पीटर ब्राइस हे सरकारचेच वैद्यकीय अधिकारी. १९०७ साली त्यांनी प्रेअरीतल्या शाळा तपासल्या. १५ शाळांनी माहिती दिली, १,५३७ मुलांची. त्यांतली सुमारे एक चतुर्थांश मुलं दगावलेली. क्षय. थंडी आत येऊ नये म्हणून खिडक्या बंद, खाटेला खाट लागलेली, आणि आजारी मुलं निरोग्यांच्या शेजारी. उपाय काय करायचा तेही त्यांनी लिहून दिलं. खात्याने अहवाल बाजूला ठेवला. नोकरी सुटल्यावर, १९२२ साली, त्यांनी स्वतः पुस्तिका छापून सगळं लोकांसमोर ठेवलं. त्यानंतरही शाळा सत्तर वर्षं चालल्या. मला रडारपेक्षा ही गोष्ट जास्त छळते.

चांगल्या आठवणींचं म्हणाल, तर बॅझिल जॉन्स्टन यांचं १९८८ चं पुस्तक वाचा. ऑन्टॅरिओतल्या स्पॅनिश गावच्या जेझुइट शाळेबद्दल आहे. पानापानावर मुलांच्या खोड्या, टोपणनावं, चोरून खाल्लेलं अन्न. मी मोठ्याने हसलेय वाचताना. पण लक्ष देऊन बघा, त्यातला आनंद कुणी दिला? शाळेने नाही, मुलांनी एकमेकांना दिला.

कातळ

ब्राइस यांचं ठाऊक नव्हतं. शोधून वाचतो. मथळ्यांबद्दल तुम्ही सरळ लिहिलंत, बरं वाटलं.

ओक_पेनसिल्व्हेनिया

सीमेच्या या बाजूची भर घालतो. मी राहतो तिथून गाडीने अर्ध्या तासावर कार्लाइल आहे. अमेरिकेतली अशा प्रकारची पहिली मोठी शाळा, १८७९ ते १९१८, लष्कराच्या जुन्या बराकीत. तिथे मुलांची स्मशानभूमी आहे. एकसारखे पांढरे दगड, लष्करी शिस्तीत. काहींवर 'अज्ञात' कोरलंय. २०१७ पासून लष्कर एकेका मुलाचे अवशेष त्याच्या लोकांकडे परत पाठवतंय.

तुमचं नावांबद्दलचं वाचून ल्यूथर स्टँडिंग बेअर आठवला. लकोटा मुलगा, पहिल्या तुकडीतला. फळ्यावर पांढऱ्या अक्षरांत काहीतरी लिहिलेलं होतं आणि मुलांच्या हातात छडी देऊन त्यातलं एक दाखवायला सांगितलं. ती इंग्रजी नावं होती, पण त्यांचा उच्चार किंवा अर्थ मुलांना कळण्याचं कारणच नव्हतं. त्याने छडी टेकवली ती 'ल्यूथर'वर. मग तेच नाव कापडाच्या तुकड्यावर लिहून त्याच्या सदऱ्याच्या पाठीवर शिवलं. घरी त्याचं नाव ओटा क्टे होतं. हे त्याने मोठेपणी स्वतः लिहून ठेवलंय.

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी माफी मागितली ती थेट ऑक्टोबर २०२४ मध्ये.

सातपुड्याचा_गुरुजी

मी निवृत्त शिक्षक. सातपुड्यातल्या एका आश्रमशाळेत एकोणीस वर्षं काढली. हा धागा चार दिवस नुसता वाचत होतो, लिहू की नको ठरत नव्हतं.

आधी स्पष्ट सांगतो, दोन्ही गोष्टी एका तागडीत घालायच्या नाहीत. आमच्याकडे मूल पोलिसांनी उचलून आणलेलं नसायचं. आईबाप डोक्यावर पत्र्याची पेटी घेऊन स्वतः सोडायला यायचे, दिवाळीला, होळीला मुलं घरी जायची. होळीला तर आम्ही अडवलं असतं तरी थांबली नसती. मुलांची भाषा, देव, रीत संपवायची म्हणून कुणी आश्रमशाळा काढल्या नाहीत.

पण एक गोष्ट टोचतेय. पहिलीत येणारं पोर पावरी बोलायचं आणि मी मराठी. 'पाणी प्यायला जाऊ का' एवढं मराठीत म्हणता येईपर्यंत ते पोर तहान मारून बसायचं. मी रागवायचो, मराठीत बोल. मला वाटायचं मी त्याचं भलं करतोय, आणि पुढे तहसील कचेरीत त्याला मराठी लागणारच होतं, तेही खरं. पण त्याची भाषा मी एकोणीस वर्षांत शिकलो नाही. शिकायला हवी होती.

अनुस्वार

गुरुजी, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार.

रेवाची_आई

आम्ही ब्रॅम्प्टनला असतो. ३० सप्टेंबरला शाळेतून निरोप येतो, नारिंगी शर्ट घालून पाठवा. रेवा आठ वर्षांची. मागच्या वर्षी दुकानातून शर्ट आणला, घातला, पाठवला, एवढंच केलं. यंदा तिने विचारलं, का घालायचा? मी गुगल करून पहिलं पान वाचलं आणि फोन बंद केला. आठ वर्षांच्या मुलीला यातलं किती सांगायचं?

सोनटक्का

रेवाची आई, शर्टाची गोष्टच सांग ना, ती तिच्याच वयाच्या मुलीची आहे. फिलिस वेबस्टॅड सहा वर्षांची असताना, १९७३ मध्ये, आजीने तिला शाळेसाठी नवा शर्ट घेऊन दिला. चकचकीत नारिंगी, पुढे नाडीची गाठ. शाळेत पोचल्या पोचल्या तिचे कपडे काढून घेतले आणि तो शर्ट तिला पुन्हा कधी मिळाला नाही. शाळा तीच, बेव्ह सेलर्स यांची सेंट जोसेफ्स. २०१३ साली मोठ्या झालेल्या फिलिसने ही आठवण सांगितली, आणि त्यातून हा दिवस सुरू झाला. सप्टेंबर अशासाठी, की त्या महिन्यात मुलांना घरून न्यायचे. आठ वर्षांच्या मुलीला नवा फ्रॉक काढून घेतला म्हणजे काय, हे आपल्याहून जास्त कळतं.

पुस्तक हवं असेल तर मार्गरेट पोकियाक-फेंटन यांचं मुलांसाठीचं आत्मकथन बघ, २०१० चं, सुनेसोबत लिहिलेलं. उत्तर ध्रुवीय प्रदेशातल्या बेटावरची मुलगी. तिला वाचायला शिकायचं असतं म्हणून ती वडिलांकडे शाळेसाठी हट्ट धरते. घरचं नाव ओलेमॉन. बायका कातडी कापायला जी अर्धगोल सुरी वापरतात, तिला धार लावायच्या दगडाचं हे नाव. शाळेत तिची मार्गरेट होते. एक ख्रिस्ती जोगीण (नन) तिला एकटीलाच लाल मोजे घालायला लावते, सगळी मुलं जाड पायांची म्हणून चिडवतात, आणि ती त्या मोज्यांचं काय करते ते रेवालाच वाचू दे. मुलगी तिथे हरत नाही, म्हणून आठव्या वर्षी चालेल.

एडमंड मेटाटावाबिन यांचं मात्र तिच्या हाताला लागू देऊ नकोस, तू वाच. फोर्ट ऑल्बनीच्या सेंट ॲन्स शाळेत मुलांना विजेच्या खुर्चीत बसवत. ते प्रकरण मी उभ्याने वाचलं, बसवेना.

मंजिरी_एडमंटन

सोनटक्का, जखमांचं झालं, आता भरून येण्याबद्दलही लिहूया. मला इथे राहून जे दिसलं ते सांगते.

अल्कली लेक नावाची एस्केटेम्क लोकांची वस्ती आहे, ब्रिटिश कोलंबियात. तिथलीही मुलं सेंट जोसेफ्सला जायची. शाळेतून आलेल्या पिढीच्या हातात बाटली आली आणि साठच्या दशकापर्यंत जवळजवळ अख्खं गाव दारूत बुडालं. १९७२ साली फिलिस चेल्सी यांची सात वर्षांची मुलगी आजीकडून घरी यायला तयार होईना, तुम्ही पिता म्हणून. फिलिसनी त्या दिवशी सोडली, नवऱ्याने काही दिवसांत. गावात दोघंच न पिणारे. हळूहळू तिसरा, चौथा. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत शंभरातल्या पंचाण्णव माणसांनी सोडली होती. घाम काढायच्या तंबूतले जुने विधी, ढोल, स्वतःची गाणी, हे सगळं त्यांनी सोबत परत आणलं. सगळं सुरू झालं ते एका पोरीच्या हट्टाने.

आणि ब्लू क्विल्स. इथून दोनेक तासांवर, सेंट पॉलजवळ. १९७० मध्ये सरकारने ती निवासी शाळा बंद करून मुलं गावातल्या सरकारी शाळेत घालायचं ठरवलं. सॅडल लेक आणि आसपासचे आईबाप शाळेतच ठिय्या देऊन बसले. चुली मांडल्या, म्हातारेकोतारे ढोल घेऊन आले, माणसं आळीपाळीने शिकारीला जाऊन मांस आणायची. मागणी एकच, शाळा आम्ही चालवणार. खात्याचे मंत्री तेव्हा ज्याँ क्रेत्येन होते. सरकार नमलं. मूळ रहिवाशांनी स्वतः चालवायला घेतलेली ती कॅनडातली पहिली निवासी शाळा. आज तिथे विद्यापीठ आहे आणि क्री आणि डेने भाषा शिकवतात. ज्या भिंतींआड क्री बोललं म्हणून मार बसला, त्याच भिंतींआड.

पेणकर

मंजिरीताई, ठिय्याचं वाचून अंगावर काटा आला. पण इमारत तीच ठेवली? मी असतो तर पाडून टाकली असती.

मंजिरी_एडमंटन

पेणकर, यावर त्यांच्यातही एकमत नाही, आणि नसावंच. अलर्ट बे गावातली सेंट मायकेल्स शाळा फेब्रुवारी २०१५ मध्ये पाडली. लांबलांबून माणसं आली, रडली, इमारतीवर दगड भिरकावले. त्यांना ती डोळ्यांसमोर नको होती. क्रॅनब्रुकला टुनाहा लोकांनी सेंट युजीन शाळेचं हॉटेल केलं, गोल्फचं मैदान केलं. जिथे आपली संस्कृती हिरावली गेली तिथूनच ती परत आणायची, असं त्यांच्यातल्या एका वृद्धेचं म्हणणं होतं. हॉटेलची कल्पना मला सुरुवातीला झेपली नव्हती. तिथे जाऊन आल्यावर, स्वागतकक्षात त्याच समाजाची तरुण मुलं ताठ मानेने उभी बघितल्यावर, मत बदललं.

सोनटक्का

ब्रँटफर्डच्या मोहॉक इन्स्टिट्यूटचं मी सांगते. २०१३ साली छत गळून इमारतीचं फार नुकसान झालं, तेव्हा समाजात कौल घेतला, पाडायची की राखायची. ९८ टक्के म्हणाले राखा. पुरावा आहे हा, तो पुसू द्यायचा नाही. तिथल्या जुन्या विद्यार्थ्यांच्या तोंडी त्या जागेचं नाव 'मश होल' आहे, रोज तीच पातळ पेज मिळायची म्हणून.

मी मागच्या उन्हाळ्यात गेले होते. इमारतीच्या मागच्या बाजूला विटांची भिंत आहे. समोरून दिसत नाही अशी जागा. त्या विटांवर मुलांनी खिळ्याने, दगडाने आपली नावं कोरलीत. कुठे अख्खं नाव, कुठे नुसती आद्याक्षरं, कुठे नंबर. वाकून बघावं लागतं, कारण बरीच अक्षरं माझ्या कमरेच्या उंचीवर आहेत. दहा वर्षांच्या मुलाचा हात तेवढ्याच उंचीवर पोचतो. एका विटेवरून मी बोट फिरवलं, कडा अजून हाताला लागतात.

अनुस्वार, तुमच्या शब्दाच्या शोधात एक भर. आयोगाच्या ९४ मागण्यांपैकी १७ वी अशी, की शाळांनी बदललेली नावं ज्यांना परत घ्यायची असतील त्यांच्याकडून जन्मदाखला, पासपोर्ट, परवाना यांचं शुल्क पाच वर्षं घेऊ नये. मोठमोठ्या मागण्यांच्या मधे ही एक छोटी, कारकुनी वाटणारी मागणी. मला ती सगळ्यात आधी समजली.

सातपुड्याचा_गुरुजी

परत आलो, आठवड्याने. सोनटक्काताईंची ती विटांची भिंत वाचली, मग हे लिहावंच लागलं.

आमच्याकडे पहिलीत नाव घालताना जन्मतारीख माहीत नसायची, म्हणून आम्ही गुरुजी लोक सरसकट १ जून टाकायचो. ते सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. पण नावंही टाकायचो, हे कुणी फारसं सांगत नाही. पोराचं घरचं नाव आम्हाला उच्चारायला अवघड, किंवा 'शोभत नाही', मग पटावर सुनील, संगीता, राजू. माझ्याच हस्ताक्षरात निदान पन्नास असतील.

काल आठवडी बाजारात माझी एक जुनी विद्यार्थिनी भेटली. आता अंगणवाडीत आहे. भाजीच्या दोन पिशव्या हातात, कडेवर पोरगं. पाया पडायला वाकली, मी थांबवलं आणि विचारलं, संगीता, बाई, तुझं घरचं नाव काय गं? ती हसली. म्हणाली, गुरुजी, आज का विचारता? मी म्हटलं, असंच, सांग.

दितली, म्हणाली. रविवारी झाली म्हणून.

पाच वर्षं माझ्या वर्गात होती. मी पोराचंही नाव विचारलं. तेही सांगितलं तिने, आधी घरचं, मग आधारकार्डावरचं.